पाठमोऱ्या बाईचं तोंड

“तोंड कुठाय?”

आरोंदेकरांनी माझं पहिलं चित्र खिडकीच्या उजेडाकडं धरलं आणि एवढंच विचारलं. ते खाली ठेवून दुसरं उचललं, मग तिसरं. अशी एकतीस चित्रं होती. पतंगाच्या कागदावर छापलेली, दोन पुठ्ठ्यांत घालून सुतळीनं बांधलेली. गडहिंग्लजहून बेळगावापर्यंत तो गठ्ठा मी मांडीवर घेऊन आले होते. संकेश्वरला गाडी बदलताना पिशवी विसरले, गठ्ठा विसरले नाही. पिशवीत त्यांच्यासाठी केलेले शेंगदाण्याचे लाडू होते. त्यामुळं मी त्या घरात रिकाम्या हातानं शिरले होते, आणि हा माणूस माझ्या तीन वर्षांच्या कामात काहीतरी हरवल्यासारखं शोधत एकेक कागद उलटत होता.

“एकाही बाईला तोंड नाही गो,” ते म्हणाले. “सगळ्या आपल्या पाठ करून निघाल्या. रागावल्यायत की काय तुझ्यावर?”

मी धीर करून म्हणाले, “तुमच्या चित्रांतसुद्धा नाही.”

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं. साठीचा माणूस, बारीक, बंडी घातलेला, बोटांच्या पेरांत छापखान्याची शाई कायमची मुरलेली. मग पुढचं चित्र उचललं.

ही गोष्ट एक्क्याऐंशी सालची. मी तेवीस वर्षांची होते आणि गडहिंग्लजच्या एका मुलींच्या शाळेत चित्रकला शिकवत होते. शाळेच्या कपाटात पुण्याचं एक मासिक यायचं. त्याच्या शेवटच्या पानावर बायकांच्या ओव्या छापत, आणि ओवीच्या डोक्यावर एक चित्र असे. काळंपांढरं, लायनोच्या, म्हणजे जमिनीवर अंथरतात त्या लिनोलियमच्या, ठोकळ्यावर खोदून छापलेलं, कोपऱ्यात ‘दआ’ अशी दोन अक्षरं. दत्ताराम आरोंदेकर. चित्रात दर वेळी एक बाई. कधी घागर घेतलेली, कधी मळ्याकडं निघालेली, कधी नुसतीच वाटेवर. कुठंही असो, पाठमोरी. पण त्या पाठीत सगळं असायचं. थकलीय का, घाईत आहे का, जायचं मनात नसताना निघालीय का. एका अंकात ओवी होती:

गेली पाठमोरी सई, वाट पांढरी पांढरी
उभी राहिली नजर, माझ्या उंबऱ्याच्या दारी

वर चित्रात बाई निघाली होती आणि तिचा डावा खांदा जरासा खाली होता. त्या हातात काहीतरी जड होतं. काय ते दिसत नव्हतं, कारण चित्राची चौकट तिथंच संपत होती. मी मासिक मिटलं, पुन्हा उघडलं, आणि तास झाल्याची घंटा होऊनही वर्गावर गेले नाही.

माझी आई मी पाच वर्षांची असताना घर सोडून गेली. वारली नाही, गेली. सकाळची वेळ होती. वडिलांचं, बापूंचं, शिंप्याचं दुकान, मागं घर. दुकानाच्या पायरीवर बसून मी रंगीत चिंध्या निवडत होते, आणि ती माझ्या शेजारून पायरी उतरून रस्त्याला लागली. मला तिची पाठ आठवते. हिरवट लुगडं, अंबाड्यातून सुटलेली एक बट, आणि डावा खांदा खाली, कारण त्या हातात ट्रंक होती. चिंचेच्या झाडापर्यंत ती दिसली. तिनं वळून बघितलं नाही, किंवा बघितलं असेल तर मी तेव्हा चिंध्यांकडं बघत असेन. तोंड मला आठवत नाही. घरात एक फोटो होता असं आत्या सांगायची. तो कुणी, कधी काढून टाकला कोण जाणे. पुढं आत्याही गेली. आईबद्दल बोलायचं नाही असा काही घरात नियम नव्हता. फक्त कुणी बोलत नसे.

तर ते चित्र बघून माझ्या मनात जे आलं ते आज लिहितानाही लाज वाटते, पण लिहिते. मला वाटलं, ज्यानं ही पाठ काढली, त्यानं तोंड बघितलेलं असणार. वेड्यासारखं होतं, आरोंदेकरांनी माझ्या आईला काय म्हणून बघितलं असेल? पण मनाला एकदा एक दार सापडलं की ते त्याच दारावर धडका देत बसतं. मी लायनो शिकले ती कलेसाठी वगैरे नाही. त्या बाईला वळवायला शिकले.

शिकवणारं कुणी नव्हतं. कोल्हापूरला शिक्षकाचा डिप्लोमा करताना लायनोचं काम एकदा दाखवलं होतं, तेवढंच. मासिकात आरोंदेकरांची चार ओळींची माहिती आली होती: राहणार शहापूर, बेळगाव, छापखान्यात नोकरी, खोदायची हत्यारं छत्रीच्या काड्यांची, स्वतः केलेली. त्या चार ओळींवर मी तीन वर्षं काढली. गावातल्या एका डॉक्टरांनी दवाखान्याची जमीन बदलली तेव्हा जुनं लायनो मागून आणलं. बापूंची मोडकी छत्री सोडवली. छत्रीची काडी आतून पन्हळीसारखी असते. तिचं टोक दगडावर घासून धार लावायची आणि दुसरं टोक लाकडी मुठीत ठोकायचं, की झालं हत्यार. बापू मशीनवरून बघत होते. म्हणाले, पावसाळ्यात आता डोक्यावर डॉक्टरची जमीन धरून जा.

पहिलं चित्र मी मासिकात होतं तसंच्या तसं ठोकळ्यावर उतरवलं आणि खोदलं. छापल्यावर सगळं उलटं आलं. बाई डावीकडं जायची ती उजवीकडं निघाली, पदर भलत्याच खांद्यावर गेला. शाळेतल्या शिवणाच्या बाईंनी ते बघून विचारलं, हिला नेसवलंय कुणी, हिच्या नवऱ्यानं का? तेव्हा कळलं की ठोकळ्यावर सगळं उलटं काढावं लागतं, म्हणजे कागदावर सुलटं येतं. पुढं उन्हात तापवून लायनो मऊ करायला शिकले, छापखान्यातून डबीभर शाई आणायला शिकले, वाटीच्या बुडानं कागद घोटून छाप उठवायला शिकले. काढू ते पांढरं, ठेवू ते काळं. बापूंना मी एकदा हे समजावून सांगितलं. त्यांनी विचारलं, हात चुकला तर? मी म्हटलं, चुकला तर चुकला. त्यांना ते काही पटलं नाही. कापडाचं बरं असतं म्हणाले, आत थोडी माया सोडलेली असते, उसवून घेता येतं.

पाठ मात्र मला जमली. आरोंदेकरांची पाठ. ते अंबाडा तीन रेघांत उठवायचे, मलाही तीन पुरू लागल्या. पण तिला वळवायला गेले की सगळं संपायचं. मान फिरे, खांदे फिरत, आणि तोंडाच्या जागी एकतर कॅलेंडरवरची लक्ष्मी येई नाहीतर थापटलेली भाकरी. तेव्हा मी त्यांना पत्र लिहिलं. दोन पत्रांना उत्तर नाही. तिसऱ्याला एक कार्ड आलं: रविवारी घरी असतो.

बापूंना मी सांगितलं, बेळगावला चित्रांचं काम आहे. त्यांनी कापता कापता हात थांबवला. बेळगावला? हो. परत कधी? संध्याकाळी. पुन्हा कात्री चालू झाली.

“हे काय आहे?” आरोंदेकरांनी एका चित्रावर नख ठेवलं.

मला आनंद झाला. ते माझं सगळ्यात कष्टाचं काम होतं. त्यांच्या चित्रांत प्रत्येक पांढऱ्या रेघेच्या पोटात केसासारखी एक काळी रेघ असायची. रस्ता असो, पदराचा काठ असो, ती बारीक रेघ आतून पळत जायची, गाण्यात कुणीतरी मागून हलका सूर धरावा तशी. ती साधायला मला आठ महिने लागले होते. शेवटी सोनाराकडून बारीक कानस आणून काडीच्या धारेला मधोमध खाच पाडली, तेव्हा ती रेघ उमटली. मी त्यांना हे सगळं सांगितलं.

ते उठले, फळीवरून आपली काडी आणली आणि माझ्या तळहातावर ठेवली. मूठ झिजून काळी झाली होती. धारेच्या मधोमध एक टवका उडालेला होता.

“पडली होती,” ते म्हणाले. “नऊ-दहा वर्षं झाली. दुसरी करायचा कंटाळा. म्हणजे माझी मोडकी म्हणून मी असा, आणि तू चांगली काडी मुद्दाम मोडलीस?”

मला कुठं बघावं कळेना. ते हसत नव्हते, हे त्यातल्या त्यात बरं. काडी परत घेऊन ते म्हणाले की पाठी चांगल्या आल्यात, खांदे तर फारच चांगले; पण ह्यात तुझं असं काही नाही, हे मी केलेलंच आहे. मग गठ्ठा नीट करून माझ्याकडं सरकवला. भेट संपली असं त्या सरकवण्यात होतं.

म्हणून मी विचारून टाकलं.

“हिचं तोंड कसं आहे?”

“कुणाचं?”

“हिचं. तुमच्या सगळ्या चित्रांत एकच बाई आहे. मी तीन वर्षं तिची पाठ काढतेय. ती एकच आहे.”

त्यांची नजर माझ्या खांद्यावरून मागं गेली, आणि मी वळून बघितलं.

मागचं दार उघडं होतं. परसात पाण्याच्या हौदाशी एक बाई उभी होती, आमच्याकडं पाठ करून. घागर भरत आलेली होती. अंबाडा, त्यातून सुटलेली बट. कमरेला खोचलेला पदर. तिनं घागर उचलली, डावा खांदा खाली गेला, आणि मी उभी राहिले. माझ्या हाताला ती पाठ डोळ्यांपेक्षा आधी कळली. बोटं आपोआप मिटली, काडी धरल्यासारखी. पाय दाराकडं गेले. तोंडातून काही शब्द निघाला का, आठवत नाही. निघाला असेल तर एकच निघण्यासारखा होता.

ती वळली.

रुंद, गोरं तोंड. चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली, पुढचा एक दात पडलेला. साठीच्या आसपासची, चांगली, हसरी, सर्वस्वी अनोळखी बाई.

“काय गो बाय,” ती म्हणाली, “अशी काय बघतेस? भूत बघितल्यासारखी?”

मला रडू आलं नाही. राग आला. तीन वर्षं ज्या पाठीला मी रात्रंदिवस जीव लावला, ती पाठ ह्या बाईची. तिला स्वतःचं तोंड होतं, ते तिच्याच मालकीचं होतं, आणि त्यात माझ्यासाठी काहीही नव्हतं.

“ही आमची मथुरा,” आरोंदेकर मागून म्हणाले. “आणि ही गडहिंग्लजची कुमुदिनी हेंद्रे. तुझं तोंड बघायला आलीय.”

“मग ह्यांनी दाखवलं नसेलच,” मथुरावहिनी म्हणाल्या. “अकरा वेळा काढलं माझं तोंड आणि अकराही वेळा चुलीत घातलं. लायनो जळताना वास काय घाण येतो, माहितीय ना? आमच्या आळीत सगळ्यांना कळायचं, आज आरोंदेकरांनी बायकोचं तोंड जाळलं.”

आरोंदेकर खाली बघून म्हणाले, “जमलं नाही मला. एवढंच आहे ते. लग्न झाल्यापासून बघतोय, तरी ठोकळ्यावर येत नाही. पाठ येते. मग पाठच काढत गेलो. संपादकानं लिहिलं, ही आरोंदेकरांची शैली. मी म्हटलं, असू दे.” मग म्हणाले, “माझ्याकडून शिकायचं तर मला जे येतं ते शिकायचंस. तू नेमकं मला जे येत नाही ते पाठ केलंस.”

मथुरावहिनींनी घागर ठेवली आणि मला जेवायला बसवलं. उकड्या तांदळाचा भात आणि कुळथाची पिठी. त्यांनी घरचं विचारायला सुरुवात केली. वडील काय करतात, भावंडं किती, स्वयंपाक कोण करतं. मग सहज, भात वाढता वाढता:

“आई?”

“गेली.”

“देवाघरी?”

“नाही,” मी म्हणाले. “निघून.”

हे दोन शब्द मी आयुष्यात पहिल्यांदा कुणापुढं उच्चारत होते, आणि ते इतके छोटे होते याचंच मला नवल वाटलं. वहिनींचा वाढणारा हात क्षणभर थांबला. त्या ‘अरेरे’ म्हणाल्या नाहीत. तोंड आठवतं का, एवढं त्यांनी विचारलं. मी नाही म्हणून मान हलवली. मग त्यांनी आरोंदेकरांकडं बघितलं. ते ताटावरून उठलेच होते.

मी हात धुऊन आले तेव्हा खिडकीपाशी पाट मांडलेला होता. पाटावर तळहाताएवढा लायनोचा कोरा तुकडा, त्यांची दुसरी, अखंड धारेची काडी, आणि दाढी करायचा त्यांचा गोल आरसा.

“किती वाजताची गाडी तुझी?”

“साडेचारची.”

“मग बस. आरशात बघ आणि दिसतं तसं खोद. उलटं-सुलटं करत बसू नको. काडी बाहेरच्या बाजूनं आत घे, आणि काळं ठेवायला घाबरू नको. तोंड म्हटलं की लोक सगळं पांढरं करून ठेवतात.”

“मला माझं तोंड नको आहे,” मी म्हणाले.

“तुला हवंय ते माझ्याकडं नाही गो,” ते म्हणाले. “माझ्याकडं आरसा आहे.”

मी बसले. तीन तास मी स्वतःकडं बघितलं. एवढं त्याआधी कधी बघितलं नव्हतं आणि त्यानंतरही नाही. बघायला लागलं की तोंड आपलं राहत नाही, नुसत्या उंचसखल जागा होतात. कपाळ पांढरं. भुवईखाली अंधार. नाकाची एक बाजू उजेडात, एक नाही. आरोंदेकर मध्येच येऊन उभे राहायचे, एकदा म्हणाले ओठ एवढ्यात कापू नको. माझा हात पाठीला सरावलेला होता, लांब रेघेला. तोंडाच्या आखूड रेघा त्याला पेलेनात. डोळ्यांखाली काडी सटकली, एकदा नाही, तीनदा. तिथं तीन नकोशा रेघा उठल्या. ओठाच्या कोपऱ्याशी जरा जास्त निघालं. मी थांबून बघत राहिले. भरून काढायची सोय नव्हती.

चार वाजता आरोंदेकरांनी काचेवर शाई पसरली, रूळ फिरवला आणि ठोकळा काळाभोर केला. कागद ठेवला, वाटीनं घोटला. मग म्हणाले, तूच उचल.

मी कोपरा धरून कागद सोलला.

ती मी नव्हते. भांग भलत्या बाजूला होता, नाकाचा कल भलतीकडं. ओळखीचं सगळं होतं आणि कुठंच ओळख लागत नव्हती. मी गोंधळून आरशाकडं बघितलं, कागदाकडं बघितलं.

“आरशात उलटं दिसतं,” आरोंदेकर म्हणाले. “तू ते तसंच खोदलंस, छापताना ते परत उलटलं. म्हणजे हे सुलटं. आम्ही तुला बघतो ते हे. तुला स्वतःला हे एरवी दिसायचं नाही.”

मथुरावहिनी पदराला हात पुसत आल्या. चष्मा सारखा करून त्यांनी कागदाकडं बघितलं, मग माझ्याकडं.

“हीच आहे,” त्या म्हणाल्या. “पण थोरली दिसते. सहा-सात वर्षांनी थोरली. लेकरं झालेली वाटते.”

“डोळ्यांखाली काडी सटकली,” मी म्हणाले.

“सटकू दे,” आरोंदेकर म्हणाले. त्यांनी तो कागद खूप वेळ धरला होता. परत देताना माझ्याकडं न बघता म्हणाले, “हे मी केलेलं नाही.” त्यांच्या तोंडून मी ऐकलेली शाबासकी म्हणायची तर तेवढीच. पुढं सहा वर्षं मी त्यांच्याकडं जात राहिले, पण तसं ते पुन्हा बोलले नाहीत.

शाई ओली होती. छापायची शाई वाळायला दोन दिवस घेते. म्हणून तो कागद गुंडाळता येईना, पुठ्ठ्यांत घालता येईना. मी तो दोन्ही हातांनी समोर धरून गाडीत बसले. लोक वाकून बघत. एका म्हाताऱ्यानं विचारलं, बहीण का? मी हो म्हटलं.

घरी पोचले तेव्हा दिवस मावळत होता. रविवार असूनही बापू मशीनवर होते, लगीनसराई होती. कुणाच्या तरी पोलक्याची बाही जोडत होते. मान वर न करता म्हणाले, आलीस? मी हो म्हटलं आणि कापायच्या टेबलावर, खडू-पट्टी बाजूला सारून, चित्र उताणं ठेवलं. दुसरी सपाट जागाच घरात नव्हती. मग आत जाऊन पाय धुतले, चूल पेटवली, चहाचं आधण ठेवलं.

मशीनचा आवाज थांबला. मला वाटलं, दोरा संपला असेल. पण तो परत सुरू झाला नाही. आधणाला उकळी आली, चहा टाकला, गाळला, तरी नाही. दोन कप घेऊन मी बाहेर आले.

बापू टेबलापाशी उभे होते. हात मागं धरलेले, कशाला शिवू नको म्हणून सांगितलेलं लेकरू उभं राहतं तसे. दिवा त्यांनी टेबलावर ओढून घेतला होता. माझ्याकडं त्यांची पाठ होती.

“बेळगावात हाय ती?” त्यांनी विचारलं.

मला कळलं नाही. मी विचारलं, कोण?

त्यांनी नाव घेतलं नाही. नुसतं म्हणाले, “बरी हाय काय?”

तेव्हा कळलं. मी कप खाली ठेवले. अठरा वर्षं मला वाटत होतं, ह्या माणसानं ती पाठ कधीच पुसून टाकली. कापता कापता सकाळी त्यांचा हात का थांबला, तेही तेव्हा कळलं. मी आईला शोधायलाच बेळगावला चाललेय असं त्यांनी धरलं होतं, आणि धरून दिवसभर बाह्या जोडत बसले होते.

“वाळलीय,” ते चित्राकडं बघत म्हणाले. “डोळ्यांखाली बघ की. माझं काय इचारलं तिनं?”

हो म्हणणं सोपं होतं. गाडीतल्या म्हाताऱ्याला म्हटलं होतं तितकं सोपं. बरी आहे, तुमची चौकशी केली. त्यांना ते जन्मभर पुरलं असतं. मी तोंड उघडलंही होतं. पण मग ती पुन्हा खोटीच राहिली असती, आणखी एक पाठ.

“बापू,” मी म्हणाले, “ती भेटली नाही. ती मी आहे. आरशात बघून काढली.”

त्यांनी ऐकलं. मागं धरलेले हात सुटले आणि टेबलाच्या कडेला टेकले. मला वाटलं आता ते आत जातील, नेहमीसारखे, आणि उद्यापासून आमच्या घरात आणखी एका गोष्टीबद्दल कुणी बोलणार नाही. बाहेर कुणीतरी हाक मारत गेलं, पोलकं झालं का म्हणून. चहावर साय धरली.

मग त्यांनी कानामागचा खडू काढला.

“नाक तिचं एवढं बसकं न्हवतं,” ते म्हणाले. आवाज गिऱ्हाइकाशी बोलतात तसा, मापाचा. “तुझं माझ्यावर गेलंय. तिचं हितनं सरळ यायचं.” खडूचं टोक कागदापासून बोटभर वर धरून ते फिरवत होते, शाईला लागू देत नव्हते. “हनुवट दोन सूत कमी. आन् भुवई अशी न्हाई, हिकडची जरा वर. ऐकत असली की वर जायची. ओठाचा कोपरा बरोबर हाय. त्यो कसा काय बरोबर आला?”

“हात चुकला तिथं.”

“त्यो न्हाई चुकला.” त्यांनी पुन्हा वाकून बघितलं. “नाक तेवढं घे.”

“आता नाही घेता येत, बापू. कापलेलं परत बसत नाही.”

“त्ये हाय की ध्यानात.”

ते दाराशी गेले, एकेक करून दुकानाच्या फळ्या लावल्या. परत येऊन टेबलावरची सगळी कापडं उचलून मशीनवर टाकली. पट्टी, कात्री, सुयांची डबी, सगळं.

“दुसरा तुकडा हाय?”

मी आतून लायनो आणलं, काड्या आणल्या. त्यांनी माझ्यासाठी स्टूल ओढलं आणि आपण समोर बसले. दिवा माझ्या बाजूला सरकवला. मग डोळे मिटून घेतले.

“कपाळापासनं धर,” ते म्हणाले.